पैरेकरीण

आज मी तुझ्या भाताची रोपं लावायला यायचं, उद्या तू माझी लावायला यायचं. पैसे द्यायचे नाहीत, पण दिवस फेडायचा म्हणजे फेडायचा. ह्याला आमच्या आजऱ्याकडं पैरा म्हणतात, आणि अशी बांधून घेतलेली बाई ती पैरेकरीण. "नवऱ्यापेक्षा पैरेकरीण पारखून घ्यावी," आई म्हणायची आणि माझ्याकडं बघून हसायची. मी कोल्हापुरात नोकरी करणारी, बिनलग्नाची. दोन्ही नसलेली!

गेल्या उन्हाळ्यात आईचं एक अंग लुळं पडलं, वाचा गेली. मी रजा काढून गावी पोचले तर तिची पैरेकरीण, आमची काकी, आधीच चुलीपुढं पेज ढवळत बसलेली. मग ती रोजच येऊ लागली. आईला न्हाऊ घालायची, कूस बदलायची. पंधरवडाभरानं आईनं खाणं सोडलं. चमचा दिसला की दात घट्ट मिटायची. गिळता येतंय, असं डॉक्टर सांगत होते. जगण्याला विटली असेल असं मला वाटलं. मी तिच्यावर चिडले, ओरडले, शेवटी रडले.

काकीनं बरोबर ओळखलं. "फेडायला हुयाचं न्हाय म्हणून खाईना झालीया ती." आणि आईच्या कानाशी वाकून म्हणाली, "आगं, माझं अंग पडलं की तुझी लेक ईल की! घरातल्या कुणीबी फेडला तर चालतोय न्हवं पैरा?"

आईचे डोळे माझ्याकडं वळले. "येईन," मी म्हणाले, "सगळं करीन." तेव्हा कुठं तिनं तोंड उघडलं. त्या पेजेवर ती दिवाळीपर्यंत जगली.

आता काकी अंथरुणाला खिळलीय. मुलगा-सून कागलला, एमआयडीसीत. आठवडाभर शेजारीण बघते. शनिवारची एसटी धरून मी जाते, तिचं अंग धुते, घाण काढते. खरं सांगायचं तर मला किळस येते. तरी जाते.

परवा खाता खाता ती थांबली. "आन तुझं गं? तुझ्या वक्ताला कोन ईल?"

"खा आधी. निवतंय."

"कोन हाय तुला?"

मी चमचा तिच्या ओठांशी नेला. काकी रडायला लागली. मी तिचं तोंड पुसलं आणि पुढचा चमचा भरवला.