देवातला कोयता

आमचे मामंजी पार्सल कोयत्यानं उघडत. वाक्य साधं आहे, पण त्यात माझी एक नवीकोरी रेशमी साडी गेली आहे. पुठ्ठ्याचा खोका आणि त्यावर चिकटपट्टी, एवढंच होतं. कुणीही नखानं सोडवलं असतं. मामंजींनी खोका मागच्या पायरीवर ठेवला आणि एकच घाव घातला. साडी घडीत होती, त्यामुळे त्या एका घावात ती आठ ठिकाणी कापली गेली. मी कपाळाला हात लावून उभी होते. मामंजींनी शांतपणे कोयता पुसला. "साडी इतकी वर ठेवितात का कोणी?" ते म्हणाले. "शिकलेली माणसं नाहींत."

मी सांगलीची. लग्न होऊन तंजावूरला आले त्याला बावीस वर्षं झाली. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर, पुढे रस्ता आणि मागे लांबच लांब परसू. त्यात चार माड, केळी, शेवगा आणि एक फणस. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सरकारी कचेरीत कारकून होते. छत्तीस वर्षं त्यांनी टाचणीपेक्षा धारदार काही हातात धरलं नसेल. निवृत्त झाल्यावर तिरुवैयारुकडच्या एका लोहाराकडून त्यांनी कोयता घडवून आणला, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा, चोचीसारखा टोकाला वळलेला. सासूबाई आधीच गेलेल्या; कोयता आला आणि घरात नवरा, मी, मामंजी आणि तो असे चौघं झालो. गल्लीतली तमिळ माणसं मराठी घरातल्या पुरुषांना रायर म्हणतात आणि कोयत्याला अरुवा. मामंजींचं नाव पडलं अरुवा रायर. पोस्टमनलासुद्धा घराचा नंबर सांगावा लागत नसे.

पहाटे साडेपाचला मागच्या पायरीवर दगडावर पाणी शिंपडून धार लावणं सुरू व्हायचं. खर्र खर्र, खर्र खर्र. रविवार नाही, सण नाही. मी शाळेत गणित शिकवते, रात्री पेपर तपासून झोपायचे आणि या आवाजानं उठायचे. एकदा म्हटलं, मामंजी, रोज धार कशाला, काल लावली होती ना. तर म्हणाले, "काल जेवलीस, मग आज कशास जेवत्येस मा?"

त्यांच्याकडे कुठल्याही अडचणीवर एकच उत्तर होतं, "अरुवा आहे की." नारळ सोलायचा आहे, अरुवा आहे की. केळफूल, लाल भोपळा, फणस, मोरीत अडकलेली मुळी, न उघडणारा रंगाचा डबा, सगळ्याला अरुवा. वाकायला नको म्हणून मी त्यांना फांद्या छाटायची लांब दांड्याची कात्री मागवून दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "शिंप्याला दे." मग बॅटरीवर चालणारी छोटी करवत आणली. तिचा आवाज सहन होत नाही म्हणाले. पहाटे साडेपाचवाल्या माणसानं हे म्हणावं.

एकदा नवऱ्याच्या ऑफिसची मंडळी कोल्ली डोंगरावर तंबू ठोकून राहायला निघाली आणि घरच्यांनाही बोलावलं. मामंजी गोणपाटात कोयता गुंडाळून व्हॅनमध्ये बसले. मी म्हटलं, तिथं सगळं तयार मिळतं, लोक काय म्हणतील. ते खिडकीबाहेर बघत राहिले. वर पोचलो तर तंबूच्या खुंट्यांची पिशवीच कोणी आणली नव्हती. मामंजींनी पडलेल्या फांद्यांतून दहा मिनिटांत चोवीस खुंट्या तासून दिल्या, वर चुलीपुरतं सरपण फोडलं. सगळी तरुण पोरं त्यांचे फोटो काढत होती. परतीच्या वाटेवर साडेतीन तास ते माझ्याकडे एकदाही न बघता गालातल्या गालात हसत होते. असल्या माणसाला बरोबर ठरण्याची संधी देऊच नये.

कौतुकाची अजून एक गोष्ट सांगते, म्हणजे माझ्यावर आळ नको. गल्लीत कोणाकडे मयत झालं की मामंजी न बोलावता कोयता घेऊन जायचे. आता प्रेत ठेवायची काचेची पेटी, खुर्च्या, मांडव सगळं भाड्यानं मिळतं, पण तिरडीचा हिरवा बांबू आणि माडाच्या झावळ्या त्या दिवशीच तोडाव्या लागतात. ते काम त्यांचं. बांबूला एक घाव, कधी दुसरा लागला नाही. त्या घरचं पाणीही न पिता परत यायचे आणि अंगणात उभे राहून ओरडायचे, "मा, स्नानाचं पाणी." ऐन शाळेच्या वेळी. मी धुसफुसत बंब पेटवायचे.

पण वय कोणाला सोडतं? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला. सकाळी कॉफीचा पेला वाटीत खडखड वाजायचा आणि त्याच हातात पाच मिनिटांनी कोयता. नवरा आठवडाभर चेन्नईला नोकरीला, घरात मी आणि ते. मी शाळेत असायचे आणि माझा जीव परसात टांगलेला असायचा. तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, नदीच्या सणाला, आम्ही सगळ्यांसारखे कावेरीच्या काठी डबे घेऊन गेलो. लिंबाचा भात, दहीभात, सगळं शिजवून नेलं होतं. तरी यांना तिथं चूल पेटवून कॉफी करायची होती. लाकूड फोडताना कोयता घसरला आणि पायाचा अंगठा फाटला. चार टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरला ते सांगत होते, "लांकूड ओलें होतें."

त्या रात्री नवरा फोनवर म्हणाला, "काहीही कर, पण तो कोयता त्यांच्या हातातून काढ." मी शब्द दिला. वॉशिंग मशीनमध्ये लपवला, तासाभरात सापडला. तांदळाच्या पिंपात खुपसला, तोही सापडला. शेवटी भंगारवाल्याला देऊन टाकला. संध्याकाळी तोच माणूस दारात उभा. "रायरांचा अरुवा चुकून आला वाटतं," म्हणाला आणि देऊन गेला. मी हात टेकले.

मग आली खंडेनवमी. घरोघरी हत्यारं पुजतात त्या दिवशी. आमच्या देवघरात माझा लॅपटॉप, स्कूटरची किल्ली, विळी, कंपासपेटी आणि सगळ्यांच्या मध्यभागी तेल लावून, गंध-कुंकू लावून, जाईचा गजरा घातलेला कोयता. वर्षातला हा एकच दिवस मामंजी त्याला हात लावत नसत. दसऱ्याच्या सकाळी पुन्हा पूजा करून अक्षता टाकायच्या, मांडलेलं जरा हलवायचं, मग ज्याचं त्यानं उचलायचं; तोवर कोणी हात लावायचा नाही. आणि त्यांचा नियम होता, जिनं पूजा मांडली तिनंच हलवायची. सासूबाई गेल्यापासून मांडणारी मी होते.

त्या दसऱ्याला सकाळी मी लॅपटॉपवर, किल्लीवर, विळीवर अक्षता टाकल्या आणि कोयत्यापाशी थांबले. एवढं सोपं होतं आणि इतकी वर्षं सुचलं नव्हतं. मी अक्षतांची वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "मामंजी, सुट्टी असली तरी शाळेत आज प्रवेशाचं काम आहे, उशीर होतोय, हा संध्याकाळी हलवते."

"सरी मा," ते म्हणाले, म्हणजे बरं.

संध्याकाळी मी विसरल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी स्नान करून ते देवघराच्या दारात आले, कोयत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आज?" मी म्हटलं, उद्या. तिसऱ्या दिवशीही उद्या. आठवडाभर हे चाललं. मग त्यांनी विचारणं सोडलं. पहाटे साडेपाचला उठून मागच्या पायरीवर बसायचे, दगडावर पाणी शिंपडायचे आणि दगडाकडे बघत बसायचे. मी आयुष्यात पहिल्यांदा साडेसहापर्यंत झोपू शकत होते आणि झोप येत नव्हती. शेवगा विजेच्या तारेपर्यंत वाढला. केळीचा घड झाडावर पिकला, खारींनी खाल्ला. अंगठा मात्र छान भरून आला. मी नवऱ्याला फोनवर सांगितलं, जिंकले.

एकदा वाटलं, आता पूजा हलवावी. त्याच दिवशी त्यांच्या हातून कॉफीचा पेला निसटून पडला, म्हणून नाही हलवली.

अठराव्या दिवशी दुपारी जेवून ते आरामखुर्चीत झोपले आणि उठले नाहीत. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. कोयत्याचा काही संबंध नाही, असं नवऱ्यानं मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

सकाळी समोरचा फुलवाला मुरुगेसन चार माणसं घेऊन आला. अंगणात बांबू आडवा टाकला. त्याच्याकडे झावळ्या तासायचा छोटा विळा होता, बांबूवर नुसता घसरत होता. तो दाराशी येऊन हळूच म्हणाला, "अक्का, रायरांचा अरुवा?"

कुंभकोणमहून आलेल्या आत्याबाई, मामंजींच्या धाकट्या बहीण, आतूनच म्हणाल्या, "देवांत आहे तो. अजून हलविला नाहीं. आतां सुतक, तेरा दिवस हात लावूं नये."

मुरुगेसननं मान डोलावली. जाताना म्हणाला, "मी विचारलं होतं त्यांना, हल्ली अरुवा का दिसत नाही म्हणून. सुनेला शाळेचं काम फार आहे म्हणाले, विसरली असेल, आठवण करून तिला लाजवायचं नाही."

म्हणजे त्यांनी गल्लीत माझी बाजू राखली होती. मला त्यांचा इतका राग आला की रडूच फुटलं. एकदा ओरडले असते माझ्यावर, तर मी त्याच दिवशी हलवली असती.

मी उठून देवघरात गेले. आत्याबाई म्हणाल्या, "अगे, सुतक आहे." मी म्हटलं, "मी मांडली होती, मीच हलवते." अक्षतांची वाटी अठरा दिवस तिथंच होती. दोन दाणे टाकले आणि कोयता उचलला. जाईचा गजरा वाळून काडी झाला होता, तो गळून पडला. कोयता इतका जड असेल असं मला वाटलं नव्हतं. बावीस वर्षांत मी तो लपवायला तेवढा उचलला होता.

अंगणात नेऊन मुरुगेसनच्या हातात दिला. त्यानं घाव घातला, बांबूवर कुंकू लागलं, बांबू तुटला नाही. पात्यावर गंज चढला होता. अठरा दिवस धार नव्हती. चार घाव लागले.