माझे मुद्दे, शाहीनचा आवाज

शाहीन गेल्याची बातमी मला जेद्दाच्या अझीझिया भागातल्या सुपरमार्केटात, मेथीच्या जुड्या निवडताना कळली. आमच्या गावच्या जमातीचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यावर तिचा फोटो आला. खाली लिहिलं होतं की अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्याने इंतकाल झाला, दुआ करा. मी ‘इन्ना लिल्लाहि’ म्हटलं आणि फोटो मोठा करून पाहिला. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओतला फोटो होता. मनात पहिला विचार आला तो खोटा कशाला सांगू... माझ्याच वर्गातली, माझ्याच वयाची, आणि दिसते कशी दहा वर्षांनी लहान! मग मेथी तिथेच टाकून घरी आले. महिना होऊन गेला. जेद्दातले लोक माझ्याकडे समाचाराला येतात, कारण तिचं इथे दुसरं कुणी नाही. येणारी प्रत्येक बाई मला सांगते की शाहीन किती छान बोलायची. मी मान हलवते आणि चहा ठेवते.

रत्नागिरीच्या लॉ कॉलेजात आम्ही दोघी एका बाकावर बसत होतो. पहिला नंबर माझा असायचा. शाहीन पास होण्यापुरता अभ्यास करायची आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्याकडून समजून घ्यायची. सनद दोघींनी घेतली, निकाहही पाठोपाठ झाले आणि नवऱ्यांमागून दोघी जेद्दाला आलो. माझ्या नवऱ्याला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात काम होतं, तिच्या नवऱ्याला विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसात. आमच्या दोघींच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, सारखाच शिक्का होता, काम करण्यास परवानगी नाही. दोन वकिलिणी, आणि दिवसभर वाटण वाटत बसलेल्या. त्या एका बाबतीत तरी आम्ही अगदी बरोबरीच्या होतो.

आमच्या लोकांची रीत अशी की गाव सोडलं तरी जमात सुटत नाही. जुम्म्याच्या नमाजानंतर गावची माणसं कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये जमायची आणि भांडणतंटे तिथेच मिटवायची. पुरुष दिवाणखान्यात, बायका स्वयंपाकघरात, मधे पडदा. बाहेर जे चालायचं ते आम्ही दोघी आत पुन्हा चालवायचो. मी मुद्दे काढायची. मग शाहीन ते मुद्दे बाकीच्या बायकांना आपल्या बोलीत सांगायची, कारण माझं बोलणं म्हणे पुस्तकातलं वाटायचं. एकदा एका फ्लॅटमध्ये भाडं वाटून राहणाऱ्या दोन कुटुंबांचं वाजलं. एकच चूल आणि दोन सासुरवाशिणी, मग काय होणार! मागून आलेल्यांनी बाहेर पडावं असा निवाडा होत आला होता, आणि त्यांचीच सून दिवसांवर आलेली. मला राहवलं नाही. पडद्याआडून परवानगी मागून मी बोलले. भाड्याचा अर्धा वाटा देणाऱ्याचा हक्क, वाजवी मुदत, नैसर्गिक न्याय, सगळं ओळीने मांडलं. बाहेरून जमातीचे मोठे चाचा म्हणाले, “बाय, तुझं शिक्षण आमाला कळतं. पण ठरलं ते ठरलं.”

तेव्हा माझ्या खांद्यावरून शाहीन बोलली, “चाचा, तुमची लेक असती तर ह्या पोटानं तिला नवीन घराचे तीन माळे चढायला लावलं असतंत काय?”

निवाडा फिरला. बाळंतपण होईपर्यंत कुणी हलायचं नाही असं ठरलं. बायकांनी शाहीनला मिठ्या मारल्या. अहो, वाजवी मुदत म्हणजे तेच ना? मी दुसरं काय सांगत होते? पण त्या दिवसापासून जमातीत कुणाचं काही अडलं की निरोप शाहीनला यायला लागला आणि मी तिची मैत्रीण झाले.

पुढे सौदीकरणाचं वारं आलं. तिच्या नवऱ्याच्या ऑफिसात खुर्च्या एकेक करून सौदी पोरांना गेल्या आणि एक दिवस त्याचीही खलास झाली. माझ्या नवऱ्याची नोकरी टिकली. लोक त्यांची कीव करायचे आणि मीही केली, अगदी मनापासून, कारण कीव करताना माणूस जरा वरच्या पायरीवर असतो. पण तिच्या दिराने भावाला बोलावून घ्यायला अमेरिकेहून कधीचा अर्ज करून ठेवला होता, त्याचा नंबर नेमका तेव्हाच लागला. नोकरी गेली म्हणून ती न्यू जर्सीला पोहोचली आणि नोकरी राहिली म्हणून मी अझीझियात राहिले. याला नशीब म्हणायचं तर म्हणा. मी त्याला अन्याय म्हणते.

तिथे मुलांच्या शाळेची बस बंद होणार होती, तर ही बया दारोदार फिरून शाळेच्या मंडळावर निवडून आली. डोक्यावर ओढणी, उच्चार आपले रत्नागिरीचे, तरी लोकांनी मतं दिली. मग गावाच्या कौन्सिलवर गेली, म्हणजे आपल्याकडची नगरसेविका. मग कॉलेजच्या पोरांबरोबर बसून पुन्हा कायदा शिकली, वकील झाली, आणि स्थानिक वाहिनीवर कुठल्याशा गाजलेल्या खटल्याबद्दल बोलायला बोलावलं त्यात असं बोलली की तिथल्या मोठ्या वाहिनीने तिला ठेवूनच घेतलं. कोर्टात काय चाललंय ते ती रोज लोकांना सोपं करून सांगायची. मी मात्र इथे मुलीच्या इंडियन स्कूलच्या पालकसभेत मागच्या रांगेत बसायची. मुलगी फोनवर शाहीनच्या कार्यक्रमाचे तुकडे बघायची आणि म्हणायची, “मम्मी, शी इज सो क्लिअर!” मी तिला आवाज कमी करायला सांगायची.

आता जे सांगते ते माझ्या नवऱ्यालाही नीटसं ठाऊक नाही. मोठा खटला असला की कार्यक्रमाआधी शाहीन मला फोन करायची. सलाम झाला की म्हणायची, “जमीला, दुसरी बाजू सांग.” मी खटला आधीच वाचून ठेवलेला असायचा. तिकडचा कायदा मी कांदा चिरता चिरता शिकले. ती जी बाजू घेईल तिच्या उलट मी भांडायची, तिला कोंडीत पकडायची, आणि दुसऱ्या दिवशी माझाच मुद्दा तिच्या तोंडून ऐकायची, असा सोपा करून सांगितलेला की शेंबडं पोरही समजेल. जळफळाट व्हायचा. तरी मुद्दा कच्चा देणं माझ्याकडून कधी झालं नाही, तेवढा माज मला आहे. एका मुलाखतीत तिला विचारलं, एवढं छान बोलायला कुठे शिकलात? ती हसून म्हणाली, जेद्दाच्या एका स्वयंपाकघरात. लोकांना फार आवडलं. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. स्वयंपाकघर! त्या स्वयंपाकघरात कुणी होतं की नाही, बाई? पुढच्या फोनवर मी तिला तसं विचारणार होते. पण तिने सलाम केला आणि लगेच दुसरी बाजू मागितली, आणि मी भांडायला लागले...

परवाच्या जुम्म्याला जमात माझ्याकडे होती. समाचाराचे दिवस सरले, नेहमीचं सुरू झालं. तबस्सुम नावाची नवी सून रडवेली होऊन आली. तिचा नवरा दुकानात मॅनेजर आहे, त्याच्या जागी सौदी माणूस येणार आहे. कंपनी काढून टाकतेय, पण कागदावर मात्र राजीनामा लिहून दे म्हणते. सही करावी का? मी सांगायला सुरुवात केली, कराराची समाप्ती कुणी केली त्यावर सेवाअखेरचे हक्क कसे ठरतात ते. बोलताना दिसत होतं की पोरीच्या डोक्यात काही शिरत नाहीये. बाकीच्या ओढण्या सारख्या करायला लागल्या. मी थांबले. मग म्हटलं, “बघ गो, सासूनं तुला घरातून हाकललं आणि वर तुझ्याच तोंडून वदवून घेतलं की मी आपल्या पायानं गेले, तर चालेल तुला? मग त्याला सही करू देऊ नको.”

तबस्सुमने डोळे पुसले आणि फोन घेऊन नवऱ्याला सांगायला गॅलरीत गेली. सगळ्यांच्या माना हलल्या. खालाजान, आमच्यातल्या सगळ्यात वयस्क, मला जवळ घेऊन म्हणाल्या, “अगदी शाहीन बोलली जणू.”

बघा. मुद्दा माझा, तोंडही माझं, घर माझं, आणि नाव तिचंच झालं. मी चहाच्या निमित्ताने आत गेले, गॅस मोठा केला आणि महिन्याभरात पहिल्यांदा ढसाढसा रडले. मुलगी मागून आली, काय झालं विचारायला लागली. मी तिला सांगितलं, राग आलाय.