जवसाची पन्नी

लाखांदूरच्या आमच्या ऑफिसातल्या शिपायाला सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडून दोन महिने झाले, तरी त्याचे हात काही थांबले नव्हते. घरून भाजलेले जवस प्लॅस्टिकच्या पन्नीत आणायचा आणि खर्रा घोटावा तशी ती पन्नी दोन्ही तळहातांत घोटत बसायचा. मग अर्धे जवस माझ्या हातावर ओतायचा. दोघांनी मिळून सोडू, ही कल्पना माझीच. खर्र्याचे पैसे रोज एका डब्यात टाकायचे, हेही मीच सुचवलेलं. त्यातून त्याला बायकोचा चष्मा करायचा होता.

एका दुपारी मी एसटी स्टँडवरून परतलो, तेव्हा तो नव्या बाबूला सांगत होता, "मले एकट्याले नसतं जमलं. साहेब सोबत होते म्हणून सुटला. विचारा साहेबाले."

दोघंही माझ्याकडे पाहू लागले. मी नुसती मान हलवली. तोंडात खर्रा होता.

त्यानं क्षणभर माझ्या गालाकडे पाहिलं. मग पन्नीला गाठ मारून ती माझ्या टेबलावर ठेवली.

"नंतर खाजा, साहेब," तो म्हणाला, आणि नव्या बाबूला चहाला घेऊन बाहेर गेला. मला थुंकायला वेळ मिळावा म्हणून.