ताई रडली नव्हती

बीडला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना वर्गाच्या ग्रुपवर एक जाहिरात आली. फोन आणि कॉम्प्युटरमधला पुरावा कसा शोधायचा, कसा जपायचा, म्हणजे डिजिटल फॉरेन्सिक, शिकवणारी एक संस्था शहरात नव्यानं सुरू झाली होती. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी लेखनस्पर्धा ठेवली होती. विषय होता 'फोनमधला पुरावा'. पहिल्या नंबराला फुकट प्रवेश.

मला गोष्ट शोधायला लांब जावं लागलं नाही. ती आमच्याच घरात घडली होती.

माझी चुलत बहीण, ताई, नांदूरघाटला मॅचिंग सेंटर चालवते. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. नवा माल आला की दुकानात उभी राहून फोटो काढायची आणि स्टेटसला ठेवायची. त्यातलाच एक फोटो उचलून कुणीतरी तिच्या नावानं खोटं खातं उघडलं, आणि तिच्या गिऱ्हाईक बायकांच्या नवऱ्यांना नको नको ते मेसेज पाठवले. काका म्हणाले, "फोन बंद कर. लोक इसरतील." ताईनं ऐकलं नाही. तिनं तक्रार केली, आणि शेवटी तो माणूस सापडला.

मी तेव्हा हॉस्टेलवर होते. तरी निबंध एका बैठकीत लिहून काढला आणि रविवारी ताईला दाखवायला गेले. तिनं हातातली कात्री बाजूला ठेवून शांतपणे वाचला.

"चांगलं लिवलंस," ती म्हणाली. "पण हे काय? 'ताईच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा वाहू लागल्या.' मी कवा रडलते?"

"तुला वाईट वाटलं असेल ना, म्हणून..."

"वाटलं की. लई वाटलं. पण रडले न्हाई. तू होतीस का तिथं?"

"नव्हते."

"मग बस. सांगते."

त्या दुपारी तिनं सगळं सांगितलं. कुणी मेसेज पुसायच्या आत ती एकेका गिऱ्हाइकाच्या घरी चालत गेली होती. काहींनी दार उघडलं नाही. एकीनं अंगणातच शिव्या दिल्या. त्या शिव्या देणाऱ्या बाईच्याच सासूनं मात्र आतून पोराचा फोन आणून ताईच्या हातात दिला आणि म्हणाली, "घे बाई, काय फोटू काढायचेत ते काढ. मी पुसू देत न्हाई कुणाला." ताईनं नंबर, तारीख, वेळ, सगळं दिसेल असे फोटो काढले आणि बीडला पोलिसांकडं नेऊन दिले.

मी पहिला निबंध फाडला आणि तिनं सांगितलं तसं लिहिलं.

माझा दुसरा नंबर आला. बक्षीस समारंभाला ताई भर लग्नसराईत दुकान बंद करून आली. परीक्षक मॅडमनी तिला पुढं बोलावून विचारलं, "मेसेज पुसू द्यायचे नाहीत, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई मॅडम. माझ्या नुसत्या बोलण्यावर कुणी इश्वास ठेवला नसता."

नंतर मॅडमनीच संस्थेकडं माझ्यासाठी शब्द टाकला, आणि मलाही फी न भरता प्रवेश मिळाला. आज मी तिथं शिकते आहे. ताईनं मला तिची गोष्ट दिली, त्या सासूबाईंनी फोन दिला, मॅडमनी जागा दिली. माझ्याकडून फक्त नीट ऐकणं झालं, तेही ताईनं बसवून ऐकवलं म्हणून.

परतताना मी तिच्याबरोबर एसटीनं गावी गेले. नेकनूर आल्यावर ती म्हणाली, "बरं झालं लिवलंस. अजून बाया दुकानात येऊन इचारतात, नेमकं काय झालतं म्हणून. आता सांगत बसायचं न्हाई. तुझा कागदच देते वाचायला."

"आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना?"

"त्यांच्यासाठी तू ये रविवारी," ती म्हणाली, आणि पिशवीतला पेढ्यांचा पुडा सोडून माझ्यापुढं धरला.