खुडूक कोंबडी कुणाची?

नयना कुडाळजवळच्या एका वाडीत वाढली. लग्न झालं पुण्याच्या देवव्रतशी, तो गॅस कंपनीत इंजिनियर, म्हणून संसार मांडला कतारमध्ये, मुऐदरच्या एका व्हिलात. व्हिला नावालाच. मालकाने एका घराचे चार भाग पाडून भाड्याने दिलेले, मागचं अंगण तेवढं सगळ्यांचं एक. भिंतीपलीकडच्या भागात हैदराबादची नबीला राहायची. दोघींचं हिंदीत छान जमलं होतं. नबीलाकडून मिरची का सालन यायचं, नयनाकडून सोलकढी जायची.

जित्याची खोड म्हणतात तसं, दुसऱ्याच वर्षी नयनाने बाजारातून एक कोंबडा आणि चार कोंबड्या आणल्या. देवव्रत म्हणाला, "अगं, सुपरमार्केटमध्ये अंडी मिळतात की!" नयना नुसती हसली. अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात असं वाटणाऱ्या माणसाला काय समजावणार?

थंडी सुरू झाली आणि तांबडी कोंबडी खुडूक झाली. अंडी देणं बंद, खाण्यात लक्ष नाही, पिसं फुलवून एका जागी बसायची आणि जवळ जाईल त्याला टोचायची. नयनाच्या मनगटावर लाल खुणा उठल्या, पण तिच्या अंगात नुसता आनंद संचारला. जिन्याखाली टोपली ठेवली, तळाला सुकं गवत घातलं, वर निवडून काढलेली अंडी. मग आईला फोन लावला.

"मिरची नि खिळो घातलंस मां?" आईने पहिलं तेच विचारलं.

"घातलंय गो आये."

अंड्यांत सुकी लाल मिरची आणि लोखंडाचा खिळा ठेवला की वीज कडाडली तरी अंडी नासत नाहीत, असं त्यांच्याकडे मानतात. कतारमध्ये वीज कडाडते कितीशी! पण आईचा नियम तो नियम. मिरचीबरोबर खरं तर कोळसाही लागतो, तो मात्र नयना विसरली.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ केला हळदीकुंकवाने.

तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांमध्ये यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू नयनाकडे होतं. पुण्या-नाशिकच्या बायका, कुणाचा नवरा बँकेत, कुणाचा ऑइलमध्ये. त्यांच्यात नयना मोजूनमापून बोलायची. 'मां' आणि 'गो' तोंडातून निसटू नयेत म्हणून जपायची. कोंबड्यांचं तर तिने कुणाला कळूच दिलं नव्हतं. त्या दिवशी बाकीच्या कोंबड्या तिने गच्चीवर कोंडल्या. तांबडीला हलवता येईना. अंड्यांवरून उठवली तर पुन्हा बसेलच याचा भरवसा नाही. तिच्यासमोर कपड्यांचा स्टँड आडवा लावला आणि देवाचं नाव घेतलं.

मंडळाच्या प्रमुख नीलांबरीताई हात धुवायला मागच्या नळावर गेल्या आणि स्टँडमागून तांबडी खवळून ओरडली.

"अगं बाई! नयना, इथे कोंबड्या? केवढा वास हा!"

बायका दारात जमल्या. नयनाच्या हातात कुंकवाचा करंडा होता. तिला नुसतं म्हणायचं होतं, माझी आहे. तोंडातून आलं ते असं:

"आमची नाही हो. शेजारच्या नबीलाची आहे."

नबीला तिथेच होती. तिला नयनानेच आग्रहाने तिळगुळाला बोलावलं होतं आणि ती खजुराची थाळी घेऊन अंगणातून येत होती. नीलांबरीताई तिच्याकडे वळल्या.

"देखिए, ज़रा साफ-सफाई रखा कीजिए। बच्चे खेलते हैं यहाँ।"

नबीलाने नयनाकडे पाहिलं. नयनाने खाली पाहिलं.

"हौ दीदी, सॉरी," नबीला म्हणाली. "कल हटा देतूं।"

चोर सोडून संन्याशाला सुळी! हातात तिळगूळ होता सगळ्यांच्या, गोड बोलायचं मात्र राहून गेलं.

मंडळातली मधुरा टोपलीपाशी उकिडवी बसली होती. तांबडीच्या पंखाखालून मिरचीचं टोक दिसत होतं.

"नबीला, ये मिर्ची किस लिए?"

"वो... चूहों के लिए," नबीला म्हणाली.

मधुराने मान वर केली. मग तिची नजर नयनाच्या मनगटावरच्या टोचल्याच्या खुणांवर गेली.

"हमारे दापोली में मिर्ची और कील के साथ कोयला भी रखते हैं," ती नबीलाला म्हणाली, पण बघत होती नयनाकडे. "बिजली से अंडे खराब न हों, इसलिए।"

बाकीच्यांना काही कळलं नाही. नयनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे तिने वाण दिलं, सगळ्यांना निरोप दिला, सगळं हसतमुखाने. ज्यांच्यापुढे लाज वाटू नये म्हणून ती खोटं बोलली, त्यांच्यातली एक तिच्यासारखीच कोंबड्यांच्या घरातली निघाली होती. आणि शरम त्याहून मोठी वेगळीच होती. नबीलाने तिच्यासाठी बोलणी खाल्ली होती आणि ती करंडा धरून उभी राहिली होती.

सकाळी जिन्याखाली टोपली नव्हती. नबीलाने शब्द पाळला होता. कोंबडीवर ओढणी टाकून तिने टोपली हळूच आपल्या स्वयंपाकघरामागे नेली होती. नयना रोज तिथे दाणापाणी घेऊन जायची, "सॉरी" जिभेवर यायचं आणि तिथेच विरघळायचं. नबीला त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. भांडली असती तर नयनाला सोसलं असतं.

मग एका सकाळी नबीलाने भिंतीपलीकडून हाक मारली. "यल्ला, जल्दी आओ!"

टरफलं फुटली होती. तांबडीच्या पिसांतून ओली, चिवचिवणारी डोकी वर येत होती. नयनाने रिकामी टरफलं काढायला हात घातला. तांबडीने टोचलं, नेहमीसारखंच. गवतात मिरची होती, खिळा होता. आणि त्यांच्याशेजारी एक काळा गोल तुकडा. नबीला बखूर, म्हणजे अरबी धूप, जाळायची त्या धुपाटण्यातला कोळसा.

"ये?"

"तुम्हारी सहेली बोली थी ना," नबीला सहज म्हणाली. "तुम भूल गए थे। मैं रख दी।"

नयना टोपलीपाशीच बसली. तिला रडू आलं, ते लपवावंसंही वाटलं नाही. डोळे पुसून तिने मोबाइल काढला, नीलांबरीताईंना लावला आणि स्पीकर चालू केला.

"नीलांबरीताई, वो मुर्गी मेरी है। पहले दिन से मेरी थी। मैं झूठ बोली और आपने नबीला को सुनाया।"

 ताई म्हणाल्या, "अगं नयना, पण माझ्याशी हिंदीत काय बोलतेयस?"

"नबीला इथेच बसलीय," नयना म्हणाली. "तिला कळायला हवं."