देविदासचं पाच फुटी विमान

टार्गेट सेक्शनमध्ये माझी पोस्टिंग झाली ती एका थापेमुळे. एअर डिफेन्स रेजिमेंटमध्ये मी नवा गनर होतो. फॉल-इनमध्ये सुभेदार साहेबांनी विचारलं, "मॉडेल जहाज किसने उड़ाया है?" पुढं गेलं तर त्या दिवसाची पीटी सुटेल, एवढ्याच विचारानं मी हात वर केला. गावी, मुकुटबनला, मी पतंगाशिवाय काही उडवलं नव्हतं, आणि पतंगसुद्धा बाभळीत अडकवण्यातच माझा हातखंडा होता.

माझ्या बाजूच्या गनरनंही हात वर केला. तो देविदास राठोड, पुसदजवळच्या एका तांड्यावरचा. त्यानं मात्र खरोखर बनवलं होतं, थर्माकोलचं, शाळेत असताना. दोघंही यवतमाळ जिल्ह्याचे निघालो. त्याचं जय सेवालाल, माझं जय भीम. फौजेनं दोघांनाही जय हिंदवर आणून ठेवलं.

काम साधं होतं. पाच-सहा फूट पंखांचं, पेट्रोलवर चालणारं विमान आम्ही रिमोटनं उडवायचं. त्याच्यामागे लांब दोरीला लाल कापडी पट्टा. गनर त्या पट्ट्यावर फायर करायचे. नेम चुकला की विमान पडायचं आणि आम्ही दोघं पोतं घेऊन तुकडे वेचायला जायचो. सकाळी साडेपाचला जोडणी, सातला पहिलं उड्डाण, दहाला वारा वाढला की बंद.

पहिल्याच महिन्यात मी एक विमान गनरच्या मदतीशिवाय पाडलं. उडवण्याआधी कंट्रोल तपासतात. ट्रान्समीटरची दांडी डावीकडे नेली की डाव्या पंखाच्या मागच्या कडेची पट्टी वर उठली पाहिजे. तिला एलेरॉन म्हणतात. मी विमानाच्या नाकासमोर उभा राहून तपासलं. समोरून पाहिलं की त्याचं डावं ते आपलं उजवं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. वायर उलट्या लागल्या होत्या आणि मी ओके दिलं. विमान उडालं, डावीकडे कललं. सरळ करायला मी दांडी उजवीकडे नेली, ते आणखी डावीकडे गेलं. लंगरच्या चुलीपासून चार पावलांवर पडलं. लांगरीनं त्या दिवशी मला वरण वाढलं नाही.

तेव्हापासून देवानं, म्हणजे देविदासनं, नियम केला. ज्याच्या हातात ट्रान्समीटर, त्यानं तपासायचं नाही. त्यानं फक्त मोठ्यानं बोलायचं. दुसऱ्यानं शेपटीमागे उभं राहून दिसेल ते उत्तर द्यायचं.

"दांडी डावीकडे."

"डावं वर, उजवं खाली."

"एक तोंड खोटं बोलू शकते बे मिल्या," तो म्हणायचा. "दोन तोंडं एकाच वेळी नाई." मिल्या म्हणजे मी, मिलिंद.

अशी आठ वर्षं गेली. तो हवालदार झाला, मी नायक. माझं प्रमोशन मागे का राहिलं ते वरच्या परिच्छेदावरून कळलं असेल.

त्या हिवाळ्यात रेजिमेंटची सात जणांची डिटॅचमेंट बर्फातल्या एका उंच चौकीवर जायची होती. यादी लागली. त्यात माझं नाव होतं. राखीवमध्ये पहिलं नाव देवाचं.

निघायच्या चार दिवस आधी रेंजवर मोठे साहेब येणार होते. इंजिन सुरू होईना. प्रॉप, म्हणजे नाकावरचा पंखा, फिरवायला लाकडी दांडा असतो. बोट लावायचं नाही, हा पहिल्या दिवसाचा धडा. दांडा गाडीत राहिला होता. गाडी पन्नास पावलांवर होती.

देवा शेपटी धरून बसला होता. तो म्हणाला, "दांडा आन."

"साहेब आले बे. एका झटक्याचं तं काम हाय."

इंजिन एका झटक्यात सुरू झालं. माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक गेलं. मला आठवतं ते एवढंच की मी विचारलं, "जहाज ठीक है?"

सुभेदार साहेब म्हणाले, "जहाज ठीक है. तुम्हारी उँगली ढूँढ रहे हैं."

हा किस्सा मी पुढं शंभर ठिकाणी सांगितला. लग्नात, पारावर, एसटीत. लोक पोट धरून हसतात. त्याच्या पुढचा भाग मी कुठंच सांगत नसे.

मला लो मेडिकल कॅटेगरी मिळाली. उघड्या जखमेच्या माणसाला बर्फात पाठवत नाहीत. यादीतलं माझं नाव खोडलं आणि देवाचं लिहिलं. तो हॉस्पिटलमध्ये भेटायला आला, माझ्या वाटची दोन संत्री खाल्ली, आणि म्हणाला, "तुह्या बोटापायी आता बर्फ पाहाले भेटते." सकाळी सहाच्या कॉन्व्हॉयनं गेला.

सहाव्या आठवड्यात, दुपारी दोन दहाला, सिग्नल रूममध्ये मेसेज आला. मी तिथं उभा होतो.

"चौकी के नीचे स्लाइड. गश्त पार्टी दब गई. चार निकाले. ओव्हर."

"बाकी तीन? ओव्हर."

"ढूँढ रहे हैं. ओव्हर."

तिसऱ्या दिवशी तिघंही मिळाले. देवाला घेऊन तांड्यावर मीच आलो. त्याच्या आईला सगळा तांडा याडी म्हणतो, मीही म्हणायचो. तिनं पेटीवर हात ठेवला आणि मला विचारलं, "तू कुठं होता?"

मी म्हणालो, "दवाखान्यात." ते खोटं नव्हतं. तिनं पुढं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

नंतर मी पेन्शनवर आलो. मुकुटबनला पंपाच्या मोटरी दुरुस्त करतो. दरवर्षी एकदा तांड्यावर जायचो. दर वेळी एसटीत ठरवायचो, आज सांगायचं. दर वेळी भाकरी खाऊन परत.

यंदा दिवाळीआधी याडीचा फोन आला. "घराचं छत काढून राह्यलो. वर त्याचं एक खोकं हाये. त्यात इमान हाये."

देवानं शेवटच्या सुट्टीत एक विमान बांधलं होतं, हे मला माहीत होतं. अजून आहे हे माहीत नव्हतं.

"उडते का ते?" तिनं विचारलं.

"पाहावं लागंल, याडी."

"मंग येऊन पाय. यवतमाळले डोळ्याचं आप्रेशन झालं माह्यं. आता दिसते मले. तो काय करे फौजंत, थे एकदा पाहाचं हाये."

दोन एसट्या बदलून गेलो. सोबत माझा जुना ट्रान्समीटर, नवा रिसीव्हर आणि नवी बॅटरी. खोक्यातली जुनी बॅटरी पुरीसारखी फुगली होती. तिला हात न लावता चिमट्यानं वाळूच्या बादलीत टाकली आणि घरापासून लांब ठेवली. विमान मात्र शाबूत होतं. बाल्सा लाकडाचा सांगाडा, वर पिवळं आवरण, पाच फूट पंख. पेट्रोलचं नाही, विजेच्या मोटरचं. शेपटीजवळ एका ठिकाणी उंदरानं कुरतडलं होतं. तिथं मी पातळ पट्टी चिकटवली. पेनानं कुठंही काही लिहिलेलं नव्हतं, नावसुद्धा नाही. सगळे सांधे मात्र पॉलिश पेपरनं घासलेले. त्याचा हात ओळखू आला.

जोडणी अंगणात केली. दोन्ही पंख ॲल्युमिनियमच्या नळीवर सरकवले, रबरानं आवळले. पंखाखाली दोन बोटं लावून विमान उचललं. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपटी झुकली, म्हणून बॅटरी दोन इंच पुढं सरकवली. सिग्नल तुटला तर मोटर आपोआप बंद होईल असं सेटिंग केलं. सुरू करताना आधी ट्रान्समीटर, मग विमान. बंद करताना आधी विमान. प्रॉप सगळ्यात शेवटी लावायचा. या एका बाबतीत मी आता पुजाऱ्यापेक्षा कडक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला शेतात गेलो. सोयाबीन निघालेलं मोकळं वावर, बाजूला कापूस उभा. विजेच्या तारा आणि रस्ता दोन्ही लांब. आदल्या दिवशी ठाण्यात कळवून आलो होतो. तांड्यावरची पंधरावीस माणसं आली होती. त्यांच्यासमोर बैलाचं दावं आडवं बांधलं आणि सांगितलं, याच्या पुढं कोणी येणार नाही. याडीला माझ्या मागे खाट टाकून दिली.

तपासणीला दुसरा माणूस हवा होता. याडी म्हणाली, "मी पाहातो."

तिला शेपटीमागे उभं केलं. मी ट्रान्समीटर घेऊन तोंड दुसरीकडे केलं.

"दांडी डावीकडे. डाव्या पंखाची पट्टी?"

"खाली."

"वर असंल, याडी. नीट पाय."

"खाली हाये."

"तुह्या डाव्या हाताकडचं पाय."

"लेका, या हातानं मी साठ वर्षं भाकरी थापली. डावा कोन्ता मले समजते. खाली हाये."

मी वळून पाहिलं. खाली होती. आठ वर्षं सेक्शनमध्ये काढलेल्या माणसानं पुन्हा वायर उलट्या लावल्या होत्या. मागे कोणीतरी हसलं. मी वायर बदलल्या.

"दांडी डावीकडे."

"डावं वर, उजवं खाली," ती म्हणाली. हे वाक्य तिला कोणी शिकवलं नव्हतं. नंतर बाकीची तपासणी पूर्ण केली.

सहा पन्नासला विमान उडालं. दहा-बारा पावलं धावलं आणि उचललं. ट्रिम, म्हणजे तोल साधायची बारीक दुरुस्ती, जवळजवळ लावावीच लागली नाही, इतकं सरळ. मी वावरावरच मोठे चौकोन घेतले, माणसांवरून एकदाही नेलं नाही. याडी खाटेवर बसून मान वर करून पाहत होती.

पाचव्या मिनिटाला मी मोठ्यानं म्हणालो, "उतरवतो." वाऱ्याला तोंड करून विमान आणलं, मोटर कमी केली. जमिनीपासून पाचेक फुटांवर असताना माझ्या उजव्या बाजूनं लुगडं पुढं गेलं.

याडी चालत होती. पळत नव्हती. सुट्टीवर आलेल्या माणसाची बॅग घ्यायला जावं तशी, दोन्ही हात थोडे पुढं करून, विमानाच्या बरोबर समोर. मी दावं बांधलं ते बाकीच्यांसाठी. तिला आत बसवलं होतं मीच.

"याडी, थांब."

ती थांबली नाही. पॉवर देऊन वर न्यायला जागा नव्हती. चढता चढता प्रॉप तिच्या कपाळाच्या उंचीला आला असता. मी मोटर बंद केली आणि दांडी पूर्ण उजवीकडे नेली. पंखाचं टोक जमिनीला लागलं, विमान गरकन फिरलं आणि कापसात घुसलं. लाकूड मोडल्याचा आवाज आला.

ती तिथंच उभी राहिली. मी आधी जाऊन बॅटरी काढली, मग ट्रान्समीटर बंद केला. डावा पंख मधून तुटला होता, नाक फुटलं होतं, शेपटी पऱ्हाटीत लटकत होती. दुरुस्त होण्यासारखं काही उरलं नव्हतं.

याडी आली, खाली बसली आणि तुकडे ओच्यात घेऊ लागली.

"मले वाटलं, उतरून राह्यलं, तं घ्याव जाऊन," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर बसलो. म्हणालो, "याडी, त्या चौकीवर मले जाचं होतं. यादीत माह्यं नाव होतं. मी बोट तोडून घेतलं म्हून देवाले धाडलं."

तिनं एक तुकडा बोंडातून सोडवला. त्याला चिकटलेला कापूस काढला.

"मालूम हाये," ती म्हणाली. "जाच्या दिवशी त्याचा फोन आलता. हासून राह्यला होता. म्हणे मिल्यानं पंख्यात बोट घातलं, आता मी चाललो."

"मंग इतके वर्ष काहून नाई बोलली?"

"बोलली असती तं तू येनं सोडलं असतं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी तसं समजतही नाही. आम्ही दोघांनी तुकडे वेचले. प्रॉप सापडला नाही.

त्या दिवशी त्या उतारावर तिघं गेले. हवालदार देविदास राठोड. नायक बलवंत सिंग. गनर सुरेश कुमार, त्याची सर्व्हिस अजून दोन वर्षंही झाली नव्हती. स्लाइड सकाळी आठच्या सुमारास आली. तिघंही ड्यूटीवर होते. त्या वेळी मी एमआय रूम म्हणजे युनिटच्या दवाखान्यासमोर उन्हात बाकावर बसून बोटाची पट्टी बदलून घ्यायची वाट पाहत होतो, आणि शेजारच्या जवानाला ते बोट कसं तुटलं ते सांगून हसवत होतो.