हवेत राहिलेला हात

नंदाबाईंचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "बाई, भंते गेले... पहाटेच," एवढंच त्या म्हणाल्या. चहा कपाऐवजी ओट्यावर गेला. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला दुःख झालंच नाही, भीती वाटली. आता शनिवारी कोण विचारणार, "बाई, हात काय म्हनतोय?"... काही आठवडे झाले त्याला, तरी शनिवार उजाडला की मी पहिल्या गाडीसाठी घड्याळ बघते.

मी केडगावची, निवृत्त शिक्षिका, पणजोबांपासूनची ख्रिस्ती. वर्गात मी नुसती खाकरले तरी पोरं चिडीचूप व्हायची. पण यजमान गेले आणि मीच कशालाही दचकू लागले. बसल्या जागी छाती धडधडायची, उजवा हात थरथरायचा, आणि वाटायचं, आत्ता काहीतरी होणार. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून "उत्तम आहे" म्हणून सांगितलं, तर मी जास्तच घाबरले. प्रार्थना चालूच होती, पण डोळे मिटले की धडधडच मोठ्यानं ऐकू यायची. शेवटी शाळेतल्या माझ्या जुन्या सोबतीण नंदाबाई म्हणाल्या, "आमच्या गावच्या विहारात एक भंते आहेत. एकदा चला तर खरं."

विहारात पांढरं नेसून जातात, म्हणून त्यांच्या सांगण्यावरून मी पांढरी साडी नेसले, तर शेजारीण विचारते, "कुणाचं लग्न काढलं?" आमच्यात पांढरी साडी नवरी नेसते. मी काहीतरी पुटपुटून सटकले. श्रीगोंद्याची गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली आणि नंदाबाई सारख्या घड्याळ बघू लागल्या. त्यांच्या मांडीवर भंतेंच्या जेवणाचा डबा होता. "बारानंतर ते काही खात नाहीत, बाई. पोचायला हवं." मग त्यांनी मला नियम सांगितले. चपला बाहेर काढायच्या, तीनदा वंदन करायचं, बायकांनी त्यांना स्पर्श करायचा नाही. मी परीक्षेला निघालेल्या पोरीसारखी घोकत होते, पण अडत होतं ते वंदनापाशी. गुडघे मी आजवर फक्त प्रभूपुढे टेकले होते. टेकले तर त्याला काय वाटेल, नाही टेकले तर यांना काय वाटेल... मध्येच उतरून परतीची गाडी धरावी असं दोनदा मनात आलं.

विहार म्हणजे उसाच्या कडेची पत्र्याची एक खोली. भंते जमिनीवर बसले होते. पूर्वी ते साखर कारखान्यात फिटर होते, भिक्खूचं चीवर घेतलं ते उतारवयात. रुंद पंजे, जाड भिंगांचा चष्मा. नंदाबाई वंदनाला वाकल्या. मी मात्र उभीच. नमस्कार करू, गुडघे टेकू, की नुसतं हसू? आणि या गोंधळात मी काय करावं? दर रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या दारात पाळकसाहेबांपुढे करतो तसा हात पुढे केला, आणि वर आमच्या ख्रिस्ती रिवाजानं म्हणाले, "सलाम, भंते!"

नंदाबाईंनी डोळेच मिटून घेतले. हात हवेत, थरथरत. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तो मागे घेणार, तोच भंते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई, तसाच ऱ्हाऊ द्या. बसा खाली. काय हाय त्यात?"

"काही नाही."

"न्हाई कसं? थरथर हाय की. तीच बगा. थांबवू नका."

मी बसले आणि माझ्याच हाताकडे बघत राहिले. थरथर वाढली, जरा कमी झाली, पुन्हा वाढली. किती वेळ गेला कोण जाणे. हात थांबला नाही, पण मध्येच केव्हातरी माझ्या लक्षात आलं की आपण घाबरायचं विसरलो होतो. लगेच मी अधीर होऊन विचारलं, "भंते, भीती जाईल ना माझी?"

"ते मला न्हाई ठाव," ते म्हणाले.

मला रागच आला. एवढे धक्के खात यायचं आणि हे उत्तर! परतीच्या गाडीत मी नंदाबाईंपाशी कुरकुर केली. त्यांच्या मांडीवर डबा तसाच होता, भरलेला. "तुम्ही हाताकडे बघत होतात ना, तेव्हा बारा वाजले," त्या म्हणाल्या. "मी खुणावलं, तर त्यांनी मलाच गप्प केलं."

पुढे कितीतरी वर्षं दर शनिवारी मी पहिल्या गाडीनं डबा घेऊन जाऊ लागले. बाईच्या हातून थेट काही घ्यायचं नाही, म्हणून भंते समोर कापड अंथरायचे, त्यावर मी डबा ठेवायचा, मग ते तो उचलायचे. इकडे चर्चच्या मंडळीत कुजबुज सुरू झाली, मास्तरीण धर्म बदलतेय म्हणून. मी हादरले. भंतेंना सांगितलं तर म्हणाले, "आयतवारी तुमी तिकडंच जायाचं. शनवार तेवढा हिकडं द्या."

शेवटचं भेटले तेव्हा ते खाटेवर होते. पांघरुणावरचा त्यांचा रुंद पंजा थरथरत होता, माझ्यापेक्षाही जास्त. "बाई, आता ह्यो बगा," ते म्हणाले. मला हसू येईना. "भीती वाटते का, भंते?" मी विचारलं.

"वाटती की. येती, बसती, जाती. परत येती."

पहिल्या दिवशीच्या माझ्या प्रश्नाच्या ज्या उत्तराची मी एवढी वर्षं वाट बघत होते ते हे होतं, आणि मला ते नको होतं. त्यांचा हात घट्ट धरावा असं फार वाटलं. आमच्यात आजाऱ्याचा हात धरूनच प्रार्थना करतात. पण तो धरायचा नव्हता. मग मी डबा ठेवायचं ते कापड खाटेच्या कडेवर पसरलं आणि त्यावर माझा हात ठेवला, त्यांच्या हाताशेजारी. दोन्ही थरथरत होते. आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो...

परवा रविवारी चर्चच्या दारात नेहमीची रांग होती. आमच्या तरुण पाळकसाहेबांनी हात पुढे केला. मीही केला, पण तो मध्येच थांबला. मागची माणसं खोळंबली.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही," मी म्हणाले. "थोडा थरथरतोय. एवढा बघते, मग देते."